अबकारीचा गांजा, फौजदारीचा गांजा

नशेच्या कायद्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला वरूडचा भूगोल फार सोयीचा आहे. उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश; तेथे भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालवण्याची जुनी परंपरा आहे. वर्धा नदीपलीकडे वर्धा जिल्हा. तेथे गेली पन्नास वर्षे दारूबंदी आहे. मध्ये आमचा संत्र्यांचा तालुका. येथे दारू परवान्याने मिळते, परवान्यावाचून भांग बाळगणे हा राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो, आणि गांजा सापडला तर १९८५ चा केंद्रीय कायदा लागतो. एका दिवसाच्या फेरीत मनुष्य तीन वेगवेगळ्या नीतिशास्त्रांतून जाऊन येतो. पिणारा तोच, पदार्थही तेच. दर हद्दीवर सरकारचे मत तेवढे बदलते.

गांजा कायदेशीर करावा की नाही, ही चर्चा अलीकडे वर्तमानपत्रांतून अमेरिका आणि कॅनडाच्या बातम्यांबरोबर येते, आणि त्यामुळे ती परदेशी आहे असा आपला समज होतो. वस्तुतः आपल्या मुलखाने ती सव्वाशे वर्षांपूर्वी सविस्तर केली आहे. तिचे कागद छापलेले आहेत, आणि त्यांत वऱ्हाडाच्या साक्षीही आहेत.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या मद्यपानविरोधी सभासदाने हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न विचारला. मूळ प्रश्न बंगालपुरता होता. चौकशी मात्र सबंध देशाची झाली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला गेला. तीन सभासद हिंदी होते. आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी काढून देशभर पाठवली, ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ च्या ऑगस्टात अहवाल पुरा केला. मुंबई, सिंध आणि वऱ्हाड यांच्या साक्षी सातव्या खंडात आहेत. १८५३ पासून वऱ्हाड निजामाचा असूनही इंग्रजांच्या कारभाराखाली होता, म्हणून त्याची नोंद स्वतंत्र प्रांत म्हणून झाली. मध्य प्रांताला तो जोडला गेला १९०३ साली.

त्या काळी गांजा ही अबकारी खात्याची बाब होती. आमच्या शेजारच्या निमाडात, खांडव्याला, परवान्याने गांजाची शेती होई आणि तो माल दूरवर जाई. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हा जिल्हा या पिकासाठी प्रसिद्ध होता. गांजाचे पीक हे कौशल्याचे काम. नर झाडे वेळीच ओळखून उपटून टाकावी लागतात. ती राहिली तर मादी झाडांना बी धरते आणि माल हलका होतो. मग तुरे कापायचे, वाळवायचे, पायांनी तुडवून दाबायचे, आणि सरकारी देखरेखीखालच्या कोठारात न्यायचे. तेथून पुढे शेतकऱ्याचा संबंध संपे. किरकोळ विक्रीचा मक्ता लिलावात जाई. ज्याची बोली मोठी त्याचे दुकान.

आयोगाने काय ठरवले हे पुष्कळदा उद्धृत केले जाते: मर्यादित सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही. पुरेसा कर बसवा, परवान्याशिवाय लागवड होऊ देऊ नका, दुकानांची संख्या आवरा, एका माणसाने किती बाळगावा त्याची मर्यादा घाला. आजचे गांजासमर्थक एवढेच वाक्य उचलतात. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली होती, याचा उल्लेख ते सहसा करीत नाहीत. साहेबांना देशी लोकांची सवय सोसवली, आणि दोन देशी सभासदांना ती तितकीशी सोसवली नाही. गांजा म्हणजे आपली संस्कृती आणि बंदी म्हणजे पाश्चात्त्यांची देणगी, ही आजची सोपी मांडणी या एका तपशिलापुढे अडखळते. आपल्या भाषेलाही विचारून पाहावे. वाईट घरातल्या चांगल्या माणसाला आपण ‘भांगेत तुळस’ म्हणतो. ‘गांजेकस’ हा शब्द मराठीत कोणी कौतुकाने वापरल्याचे आमच्या वाचनात नाही. महादेवाच्या नावाने भांग चालते, गोसाव्याच्या हातातली चिलीम गाव पाहून न पाहिल्यासारखे करते, आणि तीच चिलीम मुलाच्या हातात दिसली की घर हादरते. कायदा होण्याआधीपासून हा दुटप्पीपणा आपल्यात आहे.

पण अहवालातला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग वेगळाच आहे, आणि तो वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. गांजाने वेड लागते हे तेव्हा सिद्ध सत्य मानले जाई, कारण इस्पितळांचे तक्तेच तसे सांगत. आयोगाने ते तक्ते मान्य करण्याऐवजी ते कसे भरले जातात याचा शोध घेतला. रस्त्यात भ्रमिष्ट माणूस सापडला की पोलीस त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेत. सोबतच्या नमुन्यात ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. रकाना रिकामा ठेवणे कोणत्याही कचेरीत गैरच. माणूस अनोळखी, नातेवाईक नाहीत, काही विचारावे तर त्याला सांगता येत नाही. मग शिपाई ‘गांजा’ लिहून मोकळा होई. तेच इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे, तेथून वार्षिक अहवालात, आणि अहवालातून पार्लमेंटात. १८९२ सालच्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे वेड गांजाच्या माथी मारलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले. वेडाचा संबंध गांजाशी काही प्रमाणात तरी जोडता येईल अशी प्रकरणे निघाली ९८, आणि त्यांतही पुष्कळ ठिकाणी दुसरी कारणे सोबत होती.

गांजाने कोणाचेच मन बिघडत नाही, असा याचा अर्थ काढू नये. कोवळ्या वयात सुरू झालेले आणि नित्याचे सेवन मनोविकाराचा धोका वाढवते हे आजचे वैद्यक सांगते, आणि आज जगभर मिळणारा माल शंभर वर्षांपूर्वीच्या मालाहून पुष्कळ जहाल झाला आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसांना ही गोष्ट हलक्याने घेता येत नाही. आमचा मुद्दा रकान्याचा आहे. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्याच्या नावापुढे काय लिहावे हे शिपायाच्या हाती असते, आणि एकदा लिहिलेले पुढे कोणी खोडत नाही. फासेपारधी या आमच्याच जिल्ह्यातल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की शोध बेड्यावरूनच सुरू होतो.

अबकारीतला गांजा फौजदारीत कसा गेला, ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात विचारापेक्षा मुदतीचा भाग अधिक. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला अफूच्या वर्गात बसवले गेले. पानांची भांग मात्र व्याख्येच्या फटीतून बाहेर राहिली: करारात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे तुरे, तुरे सोबत नसतील तर पाने आणि बिया त्यात येत नाहीत. पारंपरिक सेवन थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत होती. करार १९६४ च्या डिसेंबरात अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत. ती सरत आली असताना १६ सप्टेंबर १९८५ रोजी अंमली पदार्थविरोधी विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. करारातली व्याख्या त्यात जवळजवळ तशीच उतरली. १९८९ च्या दुरुस्तीने जामीन अवघड केला. २००१ साली प्रमाणानुसार शिक्षा आली: गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प’, वीस किलोंवर ‘व्यापारी’, आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी.

फुलोरा आणि पाने यांतला हा भेद कागदावर स्वच्छ आहे, पोत्यात नाही. जप्तीत तुरे, पाने, काड्या, बिया सगळे एकत्र तोलले जाते, आणि वीस किलोंची रेघ त्या एकत्रित वजनाने ओलांडली जाते. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात नेमका हा मुद्दा ग्राह्य धरून जामीन दिला. पण उच्च न्यायालयापर्यंत पोचायला वकील लागतो, वकिलाला पैसा लागतो. दुसऱ्या बाजूला, शेतात झाडे लावल्याच्या गुन्ह्याला ही अल्प-मध्यम-व्यापारी पायरीच नाही. कलम २० मध्ये लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. झाडे पाच की पाचशे, हे कलम विचारत नाही. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या ओळींत लपवून चार झाडे लावणारा कोरडवाहू शेतकरी आणि मोठा व्यापार करणारा लागवडदार एकाच वाक्यात बसतात. फरक करायचा तो न्यायाधीशाने, शिक्षा सुनावताना. तोपर्यंत एक खरीप गेलेला असतो.

कच्च्या कैदेचा प्रश्न याहून बिकट. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्याच एका खटल्यात, सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात असलेल्या आरोपीला जामीन देताना, खटला रेंगाळला तर कायद्यातील कडक अटीही आड येऊ नयेत असे स्पष्ट केले. त्या खटल्यात निकाल लागायचाच होता.

शहरातले चित्र याहून निराळे, पण माणसे तीच. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ सालच्या दहा हजारांवर खटल्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक खटले गांजा ओढल्याचे. आरोपी रोजंदारीवर काम करणारे, झोपडपट्टीत वा रस्त्यावर राहणारे. जवळजवळ सर्वांनी गुन्हा कबूल केला, कारण दंड भरून संध्याकाळी कामावर जाणे हेच त्यांना परवडणारे होते. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा वा चरस घेतात, पैकी गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. एवढ्या लोकांपैकी पोलिसांना नेमका नाक्यावरचा हमाल सापडतो, वातानुकूलित खोलीतला गांजेकस सहसा सापडत नाही. चित्रपटसृष्टीतले एखादे नाव सापडले तर देशभर चर्चा होते, हे खरे. त्या चर्चेत हमाल नसतो.

मग अबकारीकडे परत जावे काय? येथे आम्ही जरा सावध आहोत. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २०१९ साली आणि न्यूयॉर्कने २०२१ साली गांजा कायदेशीर करताना दोन गोष्टी एकत्र केल्या: जुन्या शिक्षांच्या नोंदी पुसणे, आणि ज्या वस्त्यांनी धरपकड सोसली त्यांना परवान्यांत प्राधान्य देणे. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी साधली. दुसरीत, परवाना मिळालेल्या गरिबाला भांडवल कोण देणार, हा प्रश्न उभा राहिला, आणि काही ठिकाणी तो नावापुरता मालक उरला. मक्त्याचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. खांडव्याच्या गांजात पैसा कमावला तो मक्तेदाराने आणि सरकारने. नर झाडे ओळखणाऱ्या शेतकऱ्याने नव्हे. परवान्याची दुकाने गरिबाला काय देतात, हे जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांबद्दल तक्रार करून सांगितलेच होते. आमच्या जिल्ह्यातले गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी व्यसनाविरुद्ध आयुष्यभर कंठशोष केला. त्यांनी व्यसनी माणसाला समोर बसवून प्रश्न विचारले, त्याला फौजदाराच्या हवाली करा असे म्हटले नाही. नशेचा विरोध आणि तुरुंगाचा आग्रह या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आमच्या गावांना कीर्तनातून कळले होते.

म्हणून आमच्या मते क्रम उलटा हवा. दुकान कोणाला, ही चर्चा नंतर. आधी ओढल्याच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांतून तुरुंग काढावा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अशी शिफारस केल्याचे वृत्त ऑक्टोबर २०२१ मध्ये आले होते. कायदा मात्र जागचा हलला नाही. मग नोंदी पुसण्याची तरतूद. आज ती बालगुन्हेगारांसाठी आहे; अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मजुराने शंभर-दोनशे रुपये दंड भरून कबूल केलेला गुन्हा चारित्र्य पडताळणीच्या वेळी पुन्हा त्याच्यापुढे उभा राहू शकतो. आणि लागवडीच्या कलमात झाडांच्या संख्येची पायरी. या तिन्हींसाठी एकही दुकान उघडावे लागत नाही.

लागवडीचे दार कायद्यात पूर्ण बंद नाही. तंतू आणि बियांसाठी कलम १४ खाली परवानगी देता येते. उत्तराखंडाने २०१८ पासून तसे परवाने दिले, आणि हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीचा अहवाल स्वीकारला. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढले तेव्हा भारताचे मत बाजूने होते. महाराष्ट्रात या विषयावर शेतकऱ्याने केलेला प्रयत्न आम्हांला आठवतो तो ऑगस्ट २०२१ चा. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, हे कारण त्याने अर्जातच दिले होते, आणि ठरावीक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून लागवड करीन, असेही लिहिले होते. जिल्हाधिकारी कार्यालयाने तो अर्ज पोलिसांकडे पाठवला. प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप, असे पोलिसांचे म्हणणे पडले. भावाविषयी उत्तर देणे हे त्यांचे कामही नव्हते.