हळद, पाणबुडी आणि गळका अग्निबाण : तात्पुरत्या डागडुजीचा इतिहास

जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचे अंतराळयान एका गळतीमुळे जमिनीवरच थांबले. फाल्कन-९ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची प्रक्षेपणतळावर सात सेकंदांची ज्वलनचाचणी झाली आणि तीत द्रवरूप ऑक्सिजन गळत असल्याचे आढळले. गळती चालूच राहिली तर वायूचा झोत सोडून तिचा धोका सौम्य करायचा, असा एक उपाय प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने जाहीरपणे सांगितला होता. इस्रोच्या चमूशी चर्चा झाल्यानंतर मात्र आधी गळती दुरुस्त करायची, तिची चाचणी घ्यायची आणि मगच उड्डाण करायचे असे ठरले. या निर्णयावर तेव्हा पुष्कळ मते व्यक्त झाली. गळतीवरचा तात्पुरता इलाज केव्हा शहाणपणाचा ठरतो आणि केव्हा नाही, या जुन्या प्रश्नाचा इतिहास त्या निमित्ताने पाहण्यासारखा आहे. त्याची सुरुवात मोटारीच्या रेडिएटरपासून करावी लागते.

मोटारीच्या शीतनव्यवस्थेत पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण साधारणपणे वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाबाखाली फिरत असते. रेडिएटरच्या पातळ नळीला बारीकशी चीर गेली, तरी हा दाब द्रव बाहेर ढकलतो. आपल्याकडचे जुने ट्रकचालक अशा वेळी रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकत. याला निव्वळ लोकसमजूत म्हणून हसण्याचे कारण नाही. बाजारात मिळणाऱ्या काही गळतीरोधकांत सुंठीसारखी आल्याच्या मुळाची पूड असते, आणि आले व हळद ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली. इतर गळतीरोधकांत बदामाच्या कवचाचा भुगा, सेल्युलोजचे तंतू, धातूचे कण किंवा सोडियम सिलिकेट असते.

यामागचे भौतिकशास्त्र सुंदर आहे. चिरेपेक्षा फार मोठा कण तिच्यात शिरत नाही आणि फार लहान कण प्रवाहाबरोबर वाहून जातो. चिरेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच्या आकाराचे कण मात्र तोंडाशी एकमेकांना अडतात आणि दगडी कमानीसारखे परस्परांना आधार देतात. धान्याच्या कोठाराचे तोंड अरुंद असले की दाणे अडकतात, तेही याच कारणाने. एकदा कमान उभी राहिली की तिच्यामागे अधिक बारीक कण साचतात आणि उरलेल्या फटी भरतात. दाबच त्यांना तेथे धरून ठेवतो. संथ, थरयुक्त प्रवाहात चिरेतून जाणारा द्रव तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी निम्मी झाली की गळती एक अष्टमांश होते. म्हणून थोडीशी पूडही मोठा फरक घडवते. सोडियम सिलिकेटची रीत निराळी आहे. चिरेच्या बाहेरच्या कडेला पाणी उडून जाते आणि मागे काचेसारखा कठीण थर उरतो.

या साध्या वस्तूने एकदा जगातल्या सर्वांत प्रगत यंत्राला हात दिला. १९५८ साल होते. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला होता आणि आपले तांत्रिक सामर्थ्य दाखवण्याची निकड अमेरिकेला जाणवत होती. अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी नॉटिलस हिला उत्तर ध्रुवावरच्या बर्फाखालून पलीकडे नेण्याची गुप्त मोहीम आखण्यात आली. कमांडर विल्यम अँडरसन तिचे कप्तान होते. पॅसिफिक किनाऱ्याकडे येताना नॉटिलसच्या कंडेन्सरमध्ये गळती सुरू झाली.

कंडेन्सर म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारे पात्र. त्यातल्या नळ्यांतून थंड समुद्राचे पाणी वाहते. वाफेच्या बाजूला जवळजवळ निर्वात असल्यामुळे येथे गळती उलट दिशेने होते, म्हणजे खारे पाणी आत शिरते. ते बाष्पजनित्रात पोहोचले की त्यातले क्लोराइड धातू कुरतडू लागतात. बर्फाखाली संयंत्र बंद ठेवावे लागले, तर वर येऊन हवा घेता येत नाही, हवेवाचून डिझेल इंजिन चालत नाही आणि विद्युतघटांचा साठा थोड्या वेळात संपतो. प्रश्न शंभराहून अधिक माणसांच्या जिवाचा होता. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, पण हजारो नळ्यांमधले ते सूक्ष्म छिद्र सापडेना.

सिएटलला पोहोचल्यावर अँडरसन यांनी आपली माणसे साध्या कपड्यांत शहरात पाठवली. त्यांनी मोटारीच्या रेडिएटरसाठी विकले जाणारे गळतीरोधक एक डॉलर ऐंशी सेंट दराने १४० क्वार्ट, म्हणजे सुमारे १३२ लिटर, विकत आणले. सारा खर्च सुमारे अडीचशे डॉलर. त्यातले जवळपास निम्मे कंडेन्सरच्या व्यवस्थेत ओतल्यावर गळती थांबली.

जूनमधला पहिला प्रयत्न उथळ समुद्रातल्या खोल उतरलेल्या बर्फामुळे सोडून द्यावा लागला. २३ जुलैला नॉटिलस पर्ल हार्बरहून पुन्हा निघाली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी ११६ जणांना घेऊन उत्तर ध्रुवाखालून गेली. बर्फाखाली ९६ तासांत सुमारे २,९०० किलोमीटर अंतर कापून ती ग्रीनलंडजवळ वर आली.

ही गोष्ट बहुधा जुगाडाचे कौतुक म्हणून सांगितली जाते. नीट पाहिले तर तिच्यात मोठी शिस्त आहे. गळती अणुभट्टीच्या प्राथमिक चक्रात नव्हती, दुय्यम बाजूला होती. प्राथमिक चक्रात असली पूड टाकण्याचा विचार कोणी केला नसता, कारण तेथे अडलेली एक वाहिनी इंधन वितळवू शकते. शिवाय गळती थांबली की नाही, हे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण मोजून कळू शकत होते. आणि परिणाम पाहण्याची संधी बंदरातच, बर्फाखाली जाण्यापूर्वी, मिळाली होती.

गळतीरोधकाची मर्यादाही त्याच्या गुणातूनच येते. त्या कणांना गळकी चीर आणि रेडिएटरची चांगली अरुंद वाहिनी यांतला भेद कळत नाही. प्रमाण अधिक झाले की हीटरच्या बारीक नळ्या बुजतात, उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते आणि गळती नसलेले इंजिनही तापू लागते. फुटलेला होज पाइप किंवा मोठे भोक यांवर त्याचा उपयोग नाही. घाट उतरून गॅरेजपर्यंत पोहोचणे, एवढेच त्याचे काम.

काही ठिकाणी तर हा मार्ग उपलब्धच नसतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी अंतराळस्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ यानाच्या बाहेरील रेडिएटरला सुमारे एक मिलिमीटरपेक्षाही लहान भोक पडले आणि त्यातला शीतक द्रव अवकाशात उडून गेला. तेथे पूड टाकून उपयोग नव्हता, कारण ती वाहून नेणारा द्रवच उरला नाही. रशियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरे यान रिकामे पाठवले आणि गळके यान माणसांवाचून परत आणले. अंतराळवीरांचा मुक्काम मात्र वर्षाहून अधिक लांबला.

आता फाल्कन-९ कडे परत पाहू. तेथे गळणारा पदार्थ पाणी नव्हता. उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा आणि ज्वलनाला प्रचंड चालना देणारा ऑक्सिजन होता. उड्डाण सुरू झाल्यावर मध्ये थांबून डबा ओतायला जागा नव्हती. उलट यान जमिनीवर असताना दुरुस्तीला लागणारा वेळ हाताशी होता, आणि काही दिवसांच्या विलंबापेक्षा अधिक किंमत त्यासाठी मोजावी लागणार नव्हती. नॉटिलसला जी सवड मिळाली नाही, ती येथे होती. पुढे अंतराळस्थानकाच्या झ्वेझ्दा या रशियन भागातल्या जुन्या गळतीच्या तपासणीसाठीही उड्डाण थांबले, आणि अखेरीस २५ जून २०२५ रोजी ते झाले. १५ जुलैला शुक्ला सुखरूप परतले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या इतिहासातून चार प्रश्न सोबत ठेवावेत. काय गळते आहे? कोठून गळते आहे? इलाज लागू पडला हे मोजता येते का? आणि खरी दुरुस्ती केव्हा करणार? पहिल्या तिन्हींची उत्तरे ठाऊक असतील आणि चौथ्याची तारीख ठरलेली असेल, तर हळदीची पूडही आदरास पात्र आहे.