बहारीनमधले तोतये

मंडळी, 'तोतया' म्हटलं की आपल्याला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. १७६१ साली भाऊ पानिपतावर पडले, पण पुढे त्यांचं नाव घेऊन एकजण उभा राहिला. त्याच्यामागे माणसं जमली आणि १७७६ साली देहान्ताची शिक्षा होईपर्यंत त्याने पेशवाईला घोर लावला. असाच प्रकार आपल्या बहारीनमध्येही घडला आहे, तोही फुटबॉलच्या मैदानावर! इथे मात्र एक माणूस नव्हे, अख्खा संघच तोतया होता.

७ सप्टेंबर २०१० रोजी रिफा इथे बहारीन आणि आफ्रिकेतल्या टोगो देशाचा मैत्रीपूर्ण सामना झाला. बहारीन ३-० असं जिंकलं. पुढे येमेनमध्ये गल्फ कप आणि जानेवारी २०११ मध्ये कतारला आशियाई स्पर्धा होती, म्हणून तगडा सराव हवा होता. पण पाहुण्यांना नव्वद मिनिटं धड पळता येईना. बहारीनचे ऑस्ट्रियन प्रशिक्षक जोसेफ हिकर्सबर्गर यांनी विजयाचे ढोल न वाजवता पत्रकारांना सरळ सांगितलं, की समोरच्यांचा दमच कमी पडला, आपल्याला या सामन्याचा उपयोग झाला नाही.

काही दिवसांतच टोगोच्या फुटबॉल संघटनेने जाहीर केलं, "आम्ही बहारीनला संघ पाठवलेलाच नाही!" जगभर बातमी झाली, लोक हसले. टोगोला मात्र ही थट्टा नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत अंगोलात त्यांच्या खऱ्या संघाच्या बसवर गोळीबार होऊन सहप्रशिक्षक आणि प्रसिद्धी अधिकारी मरण पावले होते. त्याच संघाचं नाव कोणीतरी बाजारात विकलं होतं.

टोगोचे माजी प्रशिक्षक चानिले बाना यांच्यावर संघटनेने तीन वर्षांची बंदी घातली. या प्रकरणात सिंगापूरच्या विल्सन राज पेरुमल याचं नाव पुढे आलं. सामने 'फिक्स' करण्याच्या दुसऱ्या एका प्रकरणात तो २०११ साली फिनलंडमध्ये पकडला गेला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात पहिला धडा असतो, की नाव सांगणं वेगळं आणि ओळख पटवणं वेगळं. लेटरहेड, शिक्का, खेळाडूंची यादी हे सगळं मधला एजंट आणून देऊ शकतो. खातरजमा करायची तर त्याला वगळून, थेट टोगोच्या राजधानीत, लोमेला फोन करून. असं संकट टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

आणि संकट आलंच तर? मला वाटतं, त्या वेळी बहारीनची लाज राखली ती हिकर्सबर्गर यांच्या स्पष्ट बोलण्याने. समजा, त्यांनी ३-० ची फुशारकी मारली असती, तर आठवड्याभराने तेच शब्द गिळावे लागले असते, आणि बहारीनलाही हे ठाऊक होतं की काय, अशी शंका लोकांनी घेतली असती. पण बातमी फुटण्याआधीच खटकलेली गोष्ट त्यांनी बोलून दाखवली होती. त्यामुळे बहारीन फसवणारं नव्हे, फसवलं गेलेलं ठरलं.