मोटारीची पुढची कांच

मुंबईहून पुण्यास आगगाडीनें जातांना कर्जत सुटलें कीं बोरघाटाचा चढ सुरू होतो, आणि पळसदरी मागें पडल्यावर ठाकुरवाडी लागते. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ भागांत ठाकूर लोकांच्या अशा वाड्या पुष्कळ आहेत. घाटाच्या दुसऱ्या अंगास खोपोलीहून वर चढणारी सडक आहे. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं ती गाड्यांच्या रहदारीस खुली केली. लोहमार्ग त्यानंतर, १८६३ सालीं आला. या सडकेवरून धांवणाऱ्या मोटारींतील एकाच वस्तूची हकीकत आज श्रोत्यांस सांगावयाची आहे. ती वस्तु म्हणजे हांकणाऱ्याच्या डोळ्यांपुढची कांच.

मोटार मुंबईंत आली १८९८ च्या सुमारास. त्या काळच्या कित्येक गाड्यांना पुढची कांच नसेच. वेग बेताचा असे. डोळ्यांस मोठा चष्मा लावला म्हणजे भागे. वेग वाढला, तेव्हां चौकटींत सपाट कांच उभी करूं लागले. पुष्कळदां ती दोन आडव्या तुकड्यांची असे व वरचा तुकडा बिजागरीवर पुढें लोटतां येई. ही सोय कशासाठीं, हें बोरघाटांतील आषाढसरी ज्यानें पाहिल्या आहेत त्यास सांगावयास नको. पाणी पुसणारी यंत्राची काठी सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं वरची कांच लोटून, तोंडावर पाऊस घेऊनच रस्ता पाहावा लागे.

परंतु ही कांच घरच्या खिडकीच्या जातीची. टक्कर झाली कीं तिचे सुरे होत. वाऱ्यापासून वांचविण्यास बसविलेली वस्तूच माणसाचा गळा कापी! यावर उपाय सुचला तो एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच गृहस्थास. १९०३ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंत एक कुपी उंचावरून पडली, तडकली, पण विखुरली नाहीं. आंत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यानें तुकडे धरून ठेवले होते. दोन कांचांमध्यें असा पापुद्रा दाबून केलेल्या कांचेचें पेटंट त्यांनीं १९०९ सालीं घेतलें. पहिल्या महायुद्धांत ती विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत वापरली गेली, आणि १९२७ च्या अखेरीस फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीस पुढें हीच कांच आली. हा जुना पापुद्रा उन्हानें पिवळा पडे. पुढें त्याची जागा अधिक टिकाऊ द्रव्यानें घेतली.

आपल्याकडे मोटारी पुष्कळदां सुट्या भागांच्या रूपानें, पेट्यांत भरून येत. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस असे भाग जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९४७ पासून मोटारी बाहेर पडूं लागल्या, आणि १९४९ सालीं महिंद्रांनीं माझगांवास जीप जोडण्यास आरंभ केला. जीपची कांच सपाट, व तिची चौकट बिजागऱ्यांवर पुढें निजविण्याजोगी होती. त्यामुळें पेटी ठेंगणी करतां येई व कांच बदलणेंहि सोपें जाई.

पत्र्याच्या बंद मोटारीचें तसें नाहीं. तेथें कांचेभोंवतीं रबराची खांचदार पट्टी असते. तिची आंतली ओठाळी पत्र्याच्या कडेवर चढवावी लागते. कांच खालीं उतरती असल्यामुळें तिच्या व पुढील फळीच्या मधल्या चिंचोळ्या कोनांत हात शिरत नाहीं. मग कारागीर काय करतो? पट्टी कांचेस चढवून तिच्या मोकळ्या खांचेंत साबणाच्या पाण्यांत भिजविलेली दोरी सर्वभर बसवितो व तिचीं दोन्हीं टोंकें खालच्या मध्यावर आंत सोडतो. एक जण बाहेरून तळहातानें कांच दाबून धरतो. दुसरा आंत बसून दोरी सावकाश ओढतो. दोरी निघते तशी ओठाळी पत्र्यावर उलटत जाते. जेथें बोट पोंचत नाहीं, तेथें दोरी पोंचते.

यांत घाई चालत नाहीं. कांचेची दुबळी जागा म्हणजे तिची कड. पत्रा एके ठिकाणीं वांकडा असला व कांच तेथें बळेंच बसविली, तर त्या दिवशीं सारें ठीक दिसतें. पुढें घाटांतल्या एखाद्या हिसक्यासरशी कोपऱ्यांतून चीर निघते. म्हणून जाणता कारागीर आधीं पत्रा सरळ करतो, गंज खरवडतो, कोरडी कांच लावून पाहतो, आणि मगच दोरीस हात घालतो. घरच्या चिंचोळ्या पडवींत सुटे भाग जोडून मोटार उभी करणाऱ्या हौशी गृहस्थानेंहि हाच क्रम पाळावा. आणि बाहेर दाबणारा दुसरा माणूस असल्यावांचून कांच उचलूं नये.

आतां नव्या मोटारींत कांच चिकट द्रव्यानें सांगाड्यासच जोडतात, आणि छपराच्या बळकटीचा कांहीं भार तीहि वाहते. पुढील कांच पापुद्र्याचीच असावी व तींतून निदान ७० टक्के प्रकाश पार जावा, असा दंडक १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं घातला. २००२ सालीं खालापुरावरून जाणारा द्रुतगति मार्ग पुरा झाला. वेग वाढला, तशी या नियमाची किंमतहि वाढली. घाट चढतांना कांचेंतून आपणांस डोंगर दिसतो, धुकें दिसतें, एखादी वाडी दिसते. कांच मात्र दिसत नाहीं. ती नीट बसविली असल्याची खूण हीच.