गाडी उभी आहे, हे आधी दाखवा

1930 च्या दशकातला आषाढ. मंकी हिलजवळ मुंबईकडे उतरणाऱ्या विजेच्या इंजिनात तुम्ही ड्रायव्हरच्या मागे उभे आहात. काचेवर पाऊस नुसता कोसळतोय. बोरघाटाचा उतार 37 ला 1, मागे डब्यांचं ओझं. आणि पुढचे सांधे मुख्य मार्गाला लावलेलेच नाहीत! ते वळवून ठेवलेत कॅच सायडिंगकडे, चढावर जाऊन संपणाऱ्या रुळांकडे. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर त्या चढावर तिचा जोर मोडावा म्हणून.

ड्रायव्हर गाडी पूर्ण थांबवतो. शिट्टी देतो. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच सांधे सरकतात, सिग्नल पडतो. गाडी कुठे आहे, तिचं तोंड कुठे आहे, ती हलतेय की उभी आहे, एवढ्यावरच तिची वाट ठरली. आणि ती ठरल्याचं ड्रायव्हरला जागेवरच कळलं. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढच्या बोगद्यातून बाहेर पडता तेव्हा तुमच्या हातात मोटारीचं स्टिअरिंग आहे. आजची शनिवार सकाळ, उर्से टोलनाका, पुण्याहून लोणावळ्याला निघालेली गर्दी. मधल्या काळात, 1966 साली, एडवर्ड हॉल यांनी माणसं एकमेकांपासून किती अंतर राखतात यावर पुस्तक लिहिलं. पुढे कॅनडात सॉल ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच विचार उपकरणांना लावला: अंतर, दिशा, हालचाल, ओळख आणि जागा पाहून यंत्राने वागावं.

तुमच्या काचेवरच्या फास्टॅगला बॅटरी नाही. लेनवरच्या अँटेनाच्या लहरी पोचल्या की त्यांच्याच ऊर्जेवर तो जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. लांब असाल तर गप्प. पुढे द्रुतगती मार्गावरच्या कमानी दोन ठिकाणांमधलं अंतर आणि तुम्हाला लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढतात.

पण इथे टोलनाक्यावर तुमचा पाय ब्रेकवर अडखळतो. टॅग वाचला गेला का? दांडा उचलेपर्यंत कळायला मार्ग नाही, आणि मागचा ट्रक हॉर्न देतोय. दांड्याच्या बरंच अलीकडे, लेनमध्ये शिरताच नजरेला पडेल असा एक ठळक हिरवा दिवा हवा. टॅग नाकारला गेला, तर लेन बदलायला जागा असतानाच लाल.