घरातील ओल व बुरशी

भिंत, छत वा जमीन यांत मुरलेल्या पाण्यामुळे वास्तूस जडणारा दोष, आणि त्या ओलीवर पोसणारी कवकांची वाढ. भीमेच्या खोऱ्यातील करजगीपासून बीदरपर्यंतचा मुलूख पर्जन्याने बेताचाच. तथापि पाणी दीर्घकाळ धरून ठेवणारी काळी माती, दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची माळवदे यांच्या संयोगाने येथे ओल पुष्कळदा दृष्टीआड राहते. जमिनीतील पाणी केशाकर्षणाने जोत्यावरून भिंतीत चढते व त्यासह आलेले क्षार पृष्ठभागावर साचून लोणा धरतो. माळवदाचे पाणी मात्र तुळयांच्या टोकांशी मुकाट्याने जिरत राहते, आणि कुबट वास हीच त्याची पहिली वर्दी.

उगम ओळखण्यासाठी संशयित जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजू ओलावल्यास पाणी भिंतीतले, खोलीकडील ओलावल्यास हवेतले. चुन्याचा गिलावा बाष्पास वाट देतो. त्याऐवजी सिमेंटचा लेप चढवून ओल मिटल्याचे समाधान मानणे हा अत्यंत घातक प्रघात होय, कारण कोंडलेले पाणी भिंतीत अधिक उंच चढते. नव्या बांधकामात जोत्यावर जलरोधक थर घालावा. घट्ट पोताची शहाबादी फरशी, सांधे नीट भरल्यास, त्या कामी उपयोगी पडते. उगम बंद केल्यावाचून बुरशी पुसणे व्यर्थ. ती कोरडी खरवडू नये, बीजाणू हवेत उडतात. नाकातोंडास फडके बांधून साबणाच्या पाण्याने धुवावी व जागा पूर्ण वाळवावी. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये.