टेस्ट, एक्झाम की असेसमेंट? शाळा बदलताना आणि फॉर्म भरताना शब्द नीट वाचा

बुऱ्हाणपूर : रावेर-मुक्ताईनगरकडच्या शाळेतून मूल बुऱ्हाणपुरात आलं, की प्रगतिपत्रक पाहून पालक गोंधळतात. तिकडे ‘आकारिक मूल्यमापन’ असतं, इकडे हिंदीत त्यालाच ‘रचनात्मक मूल्यांकन’ म्हणतात. तिकडचं ‘संकलित’ ते इकडचं ‘योगात्मक’. रचनात्मक म्हणजे चित्रकला-हस्तकलेचे मार्क, असा काहींचा समज होतो. तसं काही नाही.

दोन्हींच्या मागे इंग्रजी शब्द एकच आहेत, फॉर्मेटिव्ह आणि समेटिव्ह. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये ते मांडले. शिकवणं चालू असताना मूल कुठे अडतंय ते बघणं हे फॉर्मेटिव्ह. सत्र संपल्यावर एकूण किती आलं ते मोजणं हे समेटिव्ह. महाराष्ट्राच्या २०१० च्या योजनेत पहिली-दुसरीला आकारिकचे ७० आणि संकलितचे ३० गुण होते. सातवी-आठवीला तेच ४० आणि ६०. म्हणजे नुसती टक्केवारी बघून दोन मुलांची तुलना करण्यात फार अर्थ नाही.

टेस्ट म्हणजे चाचणी, एखाद्या धड्यापुरती किंवा घटकापुरती. एक्झाम म्हणजे परीक्षा. वेळापत्रक, बैठक क्रमांक आणि निकाल असलेली. क्विझ म्हणजे प्रश्नमंजुषा, तिचं फार टेन्शन घेऊ नये.

असेसमेंट हा शब्द मात्र मोठा आहे. आम्हा कॉमर्सवाल्यांना तो इन्कम टॅक्समुळे माहीत. तिथे एका पावतीवर काम भागत नाही, वर्षभराचा हिशेब बघावा लागतो. शाळेतही तसंच. चाचणी, तोंडी काम, प्रकल्प, वर्गातलं निरीक्षण, सगळं धरून अंदाज बांधायचा. टेस्ट हे त्यातलं एक साधन. इव्हॅल्युएशन म्हणजे त्या अंदाजावरून निर्णय देणं : पुढे पाठवायचं, की अजून मदत हवी. शिक्षण हक्क कायद्यात हाच शब्द आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीला नियमित परीक्षा घेता येते, नापास झाल्यास दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी लागते, आणि त्यानंतरही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे राज्य ठरवतं.

‘सप्लिमेंटरी’ची तर गंमतच. परीक्षेत सप्लिमेंटरी घेतली म्हणजे जास्तीची पुरवणी लागली, मुलाने भरपूर लिहिलं. सप्लिमेंटरी आली म्हणजे विषय राहिला! पाहुण्यांना फोनवर सांगताना जरा जपून.

खरा पैशाचा प्रश्न निकालानंतर येतो. रिटोटलिंग, म्हणजे ‘पुनर्गणना’, यात बेरीज पुन्हा होते आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते पाहतात. दिलेले मार्क कमी की जास्त, यावर पुन्हा विचार होत नाही. भोपाळच्या मंडळाकडे पुनर्गणनेचा अर्ज करताना हे लक्षात असू द्या. महाराष्ट्र मंडळात ‘गुणपडताळणी’ जवळपास याच कामाची. उत्तर नव्याने तपासून हवं असेल तर तिथे ‘पुनर्मूल्यांकन’ असतं, पण त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत हाती आली की विषयशिक्षकांना दाखवा, मगच पुढची फी भरा. मुदत आणि फी दरवर्षीच्या सूचनेत येते, ती मंडळाच्या संकेतस्थळावरच बघा.