चार्जर थांबायला कधी शिकला?

आज गोष्ट बॅटरीची नाही, तिला भरणाऱ्याची.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी सल्फ्युरिक आम्लात बुडवली आणि पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. पण भरायची कशानं? घरोघरी वीज नव्हती. प्लांते दुसऱ्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्या जोडून ती भरत! डायनामो आले आणि ही कसरत संपली.

पुढे मोटारगाड्यांमुळे गॅरेजोगॅरेजी चार्जर पोचले. हे चार्जर मुके होते. माणूस हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघे, १.२८ च्या आसपास आली की वायर काढायची. विसरला, तर आम्लातलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघत राहायचे, पाणी आटायचं, पत्रे झिजायचे. बंद खोलीत तो हायड्रोजन ठिणगीची वाट बघत बसलेला असे.

मला हुशार चार्जरचं कौतुक वाटतं ते इथं. त्यानं या माणसाची जागा घेतली. १२ व्होल्टच्या बॅटरीला तो आधी भरपूर करंट देतो. व्होल्टेज साधारण १४.४ ला पोचलं की तिथंच धरून ठेवतो, करंट आपोआप उतरत जातो. मग १३.६ च्या आसपास येऊन नुसती राखण करतो. चांगला चार्जर तापमानही बघतो, कारण नागपूरच्या मे महिन्यात तेच व्होल्टेज बॅटरीला जास्त होतं.

निकेल-कॅडमियमची तऱ्हा निराळी. ती भरली की तिचं व्होल्टेज किंचित खाली येतं. चार्जर तो इवलासा उतार पकडतो आणि थांबतो. मला तर ही युक्ती सगळ्यांत देखणी वाटते.

१९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि चुकीला जागाच उरली नाही. नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्ट ही हद्द. शिसं जादा चार्जिंग थोडंफार सोसतं, पाणी घालून भागतं. लिथियम पेट घेतं. म्हणून मोबाइलमध्ये चार्जिंगचा मेंदू फोनच्या आतच असतो. भिंतीला लावतो तो, ज्याला आपण चार्जर म्हणतो, बहुतेक वेळा नुसता अडॅप्टर.

पूर्ण भरून तासन्‌तास तसंच राहणंही लिथियमला मानवत नाही. त्यामुळे २०१९ पासून आयफोन रात्री ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुमच्या उठायच्या वेळेच्या आधी उरलेलं भरतो. इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला मात्र हा नियम लावू नका. ती अर्धवट भरलेली पडून राहिली, तर पत्र्यांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. तिला भरलेलीच ठेवायची.